तिसरा बर्थ

शकूआईंनी आप्पासाहेबांशी अबोला धरला त्याला पंधरवडा होत आला होता, आणि खरं सांगायचं तर घरातल्यांना तो आवडायलाही लागला होता. एरवी ती दोघं भांडायची तेव्हा दोघंच भांडायची. आता सगळं भांडण नातवंडांच्या तोंडून चालायचं, त्यामुळं सगळ्यांच्याच वाट्याला थोडंथोडं येई.

“तेजस, तुझ्या आज्याला सांग, च्या ठिवलाय म्हनावं.”

“आप्पा, आजी म्हणते चहा ठेवलाय.”

“तिला सांग, मी काय बहिरा न्हाय. आन् हेबी सांग, गाडीत निजणाऱ्याचं डोकं मागं आन् पाय पुढंच असत्यात.”

“आजी, आप्पा म्हणतात—”

“ऐकलं मी. त्यांना म्हनावं, माझी नातवंडं देवाकडं पाय करून झोपनार न्हाईत. आन् च्या निवतोय.”

भांडण एवढंच होतं. पण आता ते सुटायला हवं होतं, कारण चंपाषष्ठी पुढच्या आठवड्यावर आली होती आणि मुलांचे बर्थ गाडीत अजून लागायचे होते.

गाडी म्हणजे जुनी बस, नाव मल्हार. आप्पांनी उमेदीची सगळी वर्षं ती चालवली. पहाटे धायरीतून निघायचं, वडगाव, स्वारगेट करत कामगार गोळा करायचे आणि खडकीच्या कारखान्याच्या फाटकात नेऊन सोडायचे. संध्याकाळी तेच उलटं. पुढं कारखान्याच्या स्वतःच्या गाड्या आल्या, आप्पांचे गुडघे गेले, आणि मल्हार अंगणातल्या चिंचेखाली उभी राहिली ती कोंबड्यांचीच झाली. आप्पांचा थोरला विक्रम नऱ्ह्याला फर्निचरचा कारखाना चालवतो. धाकट्या ऋषीचं लग्न ठरलं त्या दिवशी भरल्या घरात तो म्हणाला, “भंगारात कशाला घालायची? हिचं फिरतं घर करू. नव्या जोडीला जेजुरीला याच गाडीतून नेऊ, तिथून पुढं तुळजापूर. सगळे मिळून.”

बोलायला काय जातं! लग्न वैशाखात झालं, मार्गशीर्ष उजाडला, तरी गाडी चिंचेखालीच. पण आता ओटा झाला होता, पाण्याची टाकी बसली होती, मागच्या बाजूला मोठ्या माणसांसाठी ऐसपैस बिछाना झाला होता. आणि या सगळ्याच्या आधी काय झालं होतं, तर देवघर. “आधी देवाची जागा, मग मानसांची,” असं शकूआईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. घरातले खंडोबा, भवानी, जोतिबा म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेले टाक. ते जेजुरीला मोठ्या देवाच्या भेटीला न्यायचे, तर ते काय पिशवीत घालून न्यायचे? म्हणून ड्रायव्हरच्या पाठीमागं, दारं असलेलं, पितळी घंटा टांगलेलं, समोर बसून पूजा करता येईल एवढं देवघर विक्रमनं करून दिलं. “देवाला वन बीएचके, आणि आपण सगळे चाळीत,” असं तो कुरकुरला, पण शिसवी रंगाचं पॉलिश त्यानंच तीन हात मारलं.

मुलांचे बर्थ या देवघराच्या मागं लागून, खिडकीच्या कडेनं, एकावर एक. आता मुलांनी पाय पुढं केले तर ते देवाच्या पाठीला. मागं केले, तर डोकी पुढं. आणि आप्पांनी उभ्या हयातीत गाडीला लागलेले ब्रेक पाहिले होते. “करकचून ब्रेक लागला का टकुरं जाऊन फळीवर आपटतंय,” ते म्हणायचे. दोघांचंही खरं होतं, त्यामुळं दोघंही हटत नव्हते.

ओसरीवर शेंगा सोलत बसलेली कल्याणी हे ऐकून गालात हसली. ऋषीची बायको होऊन ती या घरात आली त्याला सात महिने झाले होते, आणि अशा भांडणांत मध्ये पडायचं नाही, हे तिनं स्वतःच ठरवून टाकलं होतं. तसं तिनं बरंच काही स्वतःच ठरवून टाकलं होतं. घरातलं सगळं ती करायची, पण देवघराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नव्हती. कुणी तिला अडवलं होतं का? मुळीच नाही. पण पहिला नवरा, गंधार, तापात गेल्यावर काही घरांत तिला हळदीकुंकवाला बोलावणं बंद झालं होतं, आणि कुणी अडवायच्या आत आपणच थांबलेलं बरं, एवढं ती त्या चार वर्षांत शिकली होती. ती चार वर्षं तिनं माहेरी, नारायण पेठेत, भावाच्या संसारात काढली. कोपऱ्यातली खाट आणि कपाटाचा एक कप्पा. आनंदी तेव्हा तीन वर्षांची होती. आई, मला हे हवं, म्हणायच्या आत कल्याणी तिच्या कानाशी कुजबुजायची, “नको गं राणी, कशाला उगाच त्रास.”

आणि मग ऋषी आला, त्याच्यामागं हे अख्खं घर आलं. आप्पांनी लग्नाच्या मांडवात आनंदीला मांडीवर घेऊन साऱ्या धायरीला दाखवलं, “ही माझी धाकली नात.” शाळेच्या दाखल्यापासून दप्तरापर्यंत कुणी काही बोलायला लावलं नाही. या लोकांचे उपकार कसे फेडायचे, हे कल्याणीला कळत नसे. एवढं भरभरून दिलंय, वर आणखी काय मागायचं, असं तिला प्रामाणिकपणे वाटायचं. तिच्या कृतज्ञतेला तोंड नव्हतं, नुसते कामाला लागलेले हात होते.

तेवढ्यात फाटक वाजलं. हातात पेरूंची पिशवी, डोक्याला मफलर, असे श्रीनिवासराव आत आले. कल्याणीचे वडील.

“या, पाव्हणं!” आप्पा खुर्चीतूनच गरजले. “रविवार साधला म्हनायचा!”

“मंडईत गेलो होतो. पेरू चांगले दिसले,” श्रीनिवासराव म्हणाले. “तुमच्या धायरीला यायला बस मिळते, हे मात्र निव्वळ ऐकीव आहे.”

शकूआई आतून चहाचा कप घेऊन आल्या आणि त्यांनी तो विचारपूस न करता त्यांच्या पुढ्यात ठेवला. यामागं इतिहास होता. सोयरीक झाल्यावर श्रीनिवासराव पहिल्यांदा आले, तेव्हा शकूआईंनी रीतसर विचारलं होतं, “च्या घेनार?” त्यांनी रीतसर उत्तर दिलं होतं, “नको, नको, आत्ताच घेऊन निघालोय.” पेठेत याचा अर्थ, पुन्हा एकदा विचारा. धायरीत याचा अर्थ, नको. दोन तास बसून बिचारा माणूस घसा कोरडा घेऊन परत गेला आणि घरी जाऊन म्हणाला, “माणसं लाखमोलाची आहेत. चहा मात्र तिथं नुसता विचारतात.” हे ऋषीच्या कानावर आलं, ऋषीकडून आईच्या, आणि शकूआई हसून हसून बेजार झाल्या. तेव्हापासून त्यांचा शिरस्ता ठरला, की या पाव्हण्यांना विचारायचं नाही, पुढ्यात ठेवायचं.

“अहो, कशाला उगाच त्रास,” श्रीनिवासराव म्हणाले आणि त्यांनी चहा बशीत ओतला.

तोच विक्रमचा टेम्पो हॉर्न वाजवत अंगणात शिरला. पुढं ऋषी, मागं प्लायचे सांगाडे, गाद्या आणि एक शिडी. पोरांनी एकच कालवा केला. विक्रमची दोघं, अकरा वर्षांचा तेजस आणि नऊ वर्षांची वैष्णवी, चपला न घालताच धावली. त्यांच्यामागं आनंदी धावली. धावता धावता ती परत फिरली, घरात गेली आणि आपली छोटी उशी बगलेत मारून आली. कल्याणीनं ते पाहिलं आणि तिच्या हातातली शेंग हातातच राहिली.

बर्थ दोन होते, हे तिला ठाऊक होतं. तिनंच सांगितलं होतं तसं. दिवाळीच्या आधी चकल्या तळताना तिची मोठी जाऊ उत्कर्षा सहज म्हणाली होती, “कल्याणी, आनंदीसाठी बर्थ करायचा का गं? यांना माप द्यायचंय.” कल्याणीनं एक क्षणही न घेता सांगून टाकलं होतं, “नको नको, वहिनी. ती माझ्याजवळच झोपते. कशाला उगाच त्रास.” उत्कर्षा साधी-सरळ बाई. नको म्हणाली म्हणजे नको, एवढा तिचा हिशेब, आणि चकली तर कढईत जळत होती.

तासाभरात विक्रमनं आणि ऋषीनं सांगाडे आत नेऊन भिंतीला आवळले. शिडी लागली. पडू नये म्हणून कडेला गोल घासलेली फळी आणि पट्टा लागला. उत्कर्षानं स्वतः शिवलेले पडदे आणले. निळ्यावर तेजस, पिवळ्यावर वैष्णवी, नावं दोऱ्यानं भरलेली. कल्याणी सगळ्यांसाठी लिंबू सरबताचं ताट घेऊन गाडीच्या पायरीशी गेली, तेव्हा आतून मुलांचे आवाज येत होते.

“वर माझा! मी फर्स्ट बोललेलो!”

“दादा, चीटिंग आहे हां ही. ए आनंदी, तुझा कुठेय?”

मग आनंदीचा आवाज आला. बारीक, समजूतदार, मोठ्या बाईसारखा.

“मला नकोच होता. मला आईजवळच आवडतं. कशाला उगाच त्रास.”

आणि बगलेत उशी घेऊन ती पायरीवरून खाली आली. आईला बघून हसली. ते हसूही कल्याणीच्या ओळखीचं होतं, आरशातलं होतं. पोरीनं उशी घट्ट धरली होती आणि ती सरळ घराकडं चालू लागली, कुणाच्या पायात येऊ नये अशी, अंगणाच्या कडेकडेनं.

आपण या पोरीला समजूतदारपणा शिकवतोय असं कल्याणीला इतकी वर्षं वाटत आलं होतं. सात वर्षांच्या पोरीला आपण अंग चोरायला शिकवलं, तेही अशा घरात, जिथं कुणी तिला अंग चोर म्हणालं नव्हतं. आज ही बर्थ सोडतेय. उद्या काय काय सोडेल, आणि वर हसेल?

ताट तिनं गाडीच्या पायरीवरच ठेवलं.

“विक्रमदादा.”

विक्रमनं पाना हातात धरूनच मान बाहेर काढली. “काय गं?”

“आनंदीला बर्थ हवाय.”

आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. ओसरीवरच्या आप्पांनी आणि श्रीनिवासरावांनी माना वळवल्या. घराच्या दारात पोहोचलेली आनंदी तिथंच उभी राहिली.

“हवाय?” विक्रम गोंधळला. त्यानं बायकोकडं पाहिलं. “तू तर म्हणालीस—”

“मी म्हणाले?” उत्कर्षा पडदा टाकून उठली, आणि तिचा चेहरा लाल झाला. “मी विचारलं होतं तिला. चांगलं तोंडावर विचारलं होतं. ती नको म्हणाली. आता सगळ्यांसमोर मी वाईट व्हायचं का? मी पोरीचा बर्थ मारला असं वाटायचं का लोकांना?”

“नाही हो, वहिनी,” कल्याणीला रडू येऊ लागलं होतं, “तुम्ही विचारलंत. मीच नको म्हणाले. मला वाटलं, तुम्ही सगळ्यांनी एवढं केलंय, आणखी कुठं...”

“म्हणजे हवा होता, आणि नको म्हणालीस?”

“हो.”

“का पण?” उत्कर्षाला खरंच कळेना. “हवं तर हवं म्हणायचं ना, बाई!”

ऋषी मधे आला. तो कमी बोलणारा माणूस, खडकीच्या कारखान्यात मशीनवर दिवस काढणारा. “वहिनी, तिला एकटीला बोलू नका. मीपण बघायला हवं होतं. पोरगी माझीपण आहे.”

“अरे, मी बोलत कुठंय? मी विचारतेय!”

“विचारताय तेच चुकतंय,” ओसरीवरून श्रीनिवासराव म्हणाले. चष्मा काढून ते तो धोतराच्या सोग्यानं पुसत होते. त्यांच्या आवाजात नेहमीची धार नव्हती. “आमच्याकडं लेकरांना पहिलं हेच शिकवतात. समोरच्यानं दिलं तरी आधी नको म्हणायचं. मीच शिकवलंय तिला. चांगली खोड म्हणून शिकवलं हो.”

इतका वेळ शकूआई दारात उभ्या होत्या, आनंदीच्या मागं. त्यांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला होता. आता त्या अंगणात उतरल्या.

“बाप नको म्हनतो तवा मी च्या पुढ्यात ठिवते,” त्या म्हणाल्या, “आन् लेकीचं नको मला कळू नये? सात महिनं झालं. मला वाटायचं, पेठंतली पोर, शिकलेली. हिला आमचं काय गोड लागत नसंल. देवाजवळबी येत न्हाय. म्हनलं, हिला आमचा खंडोबाबी नको.”

“आई!” कल्याणीच्या तोंडून निघालं. “मला वाटायचं, मी आलेलं तुम्हाला चालणार नाही.”

“कोन म्हनलं?”

कुणीच म्हणालं नव्हतं. सात महिने दोघींनी एकाच ओट्याशी भाकऱ्या थापल्या होत्या, आणि ही म्हणत होती हिला नको, ती म्हणत होती हिला चालणार नाही.

“बरं, ते नंतर रडा,” विक्रम डोकं खाजवत म्हणाला. त्याला रडारड झेपत नाही, मापं झेपतात. “बर्थ करायला माझी ना नाही. रात्रीतून करतो. पण लावू कुठं? तिसरा मजला चढवला तर पोरगी छताला चिकटून झोपेल. समोर ओटा आहे. मागं तुमचा बिछाना.”

“माजी जागा द्या,” आप्पा म्हणाले. ते काठी टेकत गाडीपाशी आले होते. “मागचा बिछाना कापा. मी ड्रायव्हरच्या शिटावर निजतो. जलम गेला तिथंच.”

“गुडघं धरत्याल,” शकूआई म्हणाल्या.

पंधरवड्यात त्या पहिल्यांदा आप्पांशी थेट बोलल्या होत्या. आप्पांनाही ते कळलं, पण त्यांनी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

“मग काय करू म्हनतीस?” त्यांनी विचारलं.

शकूआई पदर खोचून गाडीत चढल्या. पाठोपाठ पोरं, विक्रम, सगळेच दाटीवाटीनं आत गेले. त्या देवघरासमोर उभ्या राहिल्या. पॉलिशवरून त्यांनी एकदा हात फिरवला. मग त्यांनी घंटा वाजवली आणि म्हणाल्या, “विक्रम, काढ हे.”

“काय काढू?”

“देवघर. एका लेकराचा बर्थ बसंल का हितं?”

विक्रमनं टेप लावायच्या आधीच नजरेनं माप घेतलं. “बर्थ हातभर पुढं काढला तर बसेल. पण आई, तूच म्हणालीस, आधी देवाची जागा—”

“म्हनले. मग? देवाला जागा लागती व्हय? देव माज्या मांडीवर बसंल. धुतल्या कापडात गुंडाळून मांडीवर घेईन जेजुरीपतुर. ह्यो पोरीचा बर्थ मांडीवर न्हाय घेता यायचा मला.”

“आणि पाय?” तेजसनं वरच्या बर्थवरून हळूच विचारलं. “आजी, मग आम्ही पाय कुठं करायचे?”

शकूआईंनी क्षणभर विचार केला आणि मान वळवली. “आज्याला इचार तुज्या. गाडीतलं त्यांना कळतं.”

आप्पांनी खाकरून घसा साफ केला. एवढी मोठी जीत पदरात पडल्यावर माणसानं मिशीला पीळ द्यावा की नाही? पण ते बायकोकडं बघून एवढंच म्हणाले, “पाय पुढं. आन् तू मागं बस, देव घिऊन. म्हंजी कुनाचंबी पाय देवाकडं न्हाईत.”

“मला काय कळत न्हाय व्हय तेवढं!” शकूआई म्हणाल्या. अबोला संपला.

विक्रम खरोखरच कामाला लागला. देवघराचा एकेक स्क्रू त्यानं असा काढला, की लाकडाला ओरखडा नाही. त्याच फळ्या बर्थला लागल्या. तेच शिसवी पॉलिश आता आनंदीच्या उशाशी येणार होतं. उत्कर्षा तणतणत घरात गेली आणि थोड्या वेळानं शिलाई मशीनचा आवाज सुरू झाला. कल्याणी तिच्या पाठीशी जाऊन उभी राहिली.

“वहिनी, रागावलात?”

“रागावले,” उत्कर्षा सुई ओवत म्हणाली. “पुढच्या वेळी नको म्हणालीस ना, तर दोन देईन. कुठला रंग आवडतो तिला? आणि खबरदार, कुठलाही चालेल म्हणालीस तर.”

कल्याणीच्या जिभेवर तेच आलं होतं. तिनं ते गिळलं. “हिरवा. पोपटी.”

“ही घे कात्री. धर हे टोक.”

दोघींनी मिळून पडदा शिवला. नाव भरताना कल्याणीचे डोळे दोनदा भरून आले आणि दोन्ही वेळा उत्कर्षानं मुद्दाम खिडकीबाहेर पाहिलं. या बाईचे आभार कसे मानायचे, हे कल्याणीला सुचेना. शेवटी ती नुसतं म्हणाली, “वहिनी, तुम्ही विचारलंत म्हणून तरी झालं. नाही तर मी कधीच बोलले नसते.” उत्कर्षानं दातानं दोरा तोडला आणि तिच्या पाठीवर एक धपाटा घातला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बर्थ लागला. वरच्या-खालच्या दोन बर्थच्या पुढं, खिडकीला नाक लावून, एकट्याचा एक. पडदा पोपटी. विक्रम हात पुसत बाहेर आला. “झालं? अजून काही हवं कुणाला?”

“एक छोटा दिवा हवाय,” कल्याणी म्हणाली. “तिला अंधाराची भीती वाटते.”

“आप्पा!” विक्रम एवढ्यानं ओरडला, की शेजारच्या सोसायटीच्या गॅलरीत दोन माणसं बाहेर आली. “ऐकलंत का? दुसऱ्यांदा मागितलं! या पोरीला लागली चटक!” आणि हसत हसत तो वायर आणायला टेम्पोकडं पळाला.

संध्याकाळी आप्पांनी चावी मागितली. स्वारगेटपर्यंत एक चक्कर मारून बघायची, म्हणाले. ब्रेक बघायला हवेत. ऋषी शेजारी बसला. श्रीनिवासरावांना मुद्दाम फोन करून सांगितलं होतं, स्वारगेटला येऊन थांबा, चक्कर मारून घरी सोडतो. त्यांनी नको म्हणायला तोंड उघडलं, तोवर आप्पांनी फोन ठेवून दिला होता.

शकूआईंनी त्या आधी घरातल्या देवांना हळदकुंकू वाहिलं, टाक धुतल्या लाल कापडात गुंडाळले आणि मल्हारमध्ये मागच्या बिछान्यावर मांडी घालून बसल्या. देवांनाही चक्कर मारून बघायला हवी, असं त्यांचं म्हणणं. कल्याणी त्यांच्या शेजारी बसली. पुढं तिन्ही पडदे सरकवलेले. गाडी चिंचेखालून निघाली, फाटकातून बाहेर पडली, आणि सिंहगड रस्त्याला लागता लागता एक रिक्षा आडवी आली. आप्पांनी करकचून ब्रेक दाबले. ओट्यावरचा डबा घरंगळला. बर्थमधून तेजस ओरडला, “सगळे ओके!” पट्टे बांधलेली तिघंही पायांवर तोलली होती, डोकी उशीवरच होती.

“बगितलं?” आप्पा पुढून म्हणाले.

“बगितलं,” शकूआईंनी कबूल केलं. “पुढं बगून चालवा.”

कल्याणी उठून पुढं गेली. पोपटी पडदा तिनं बोटभर बाजूला केला. छोट्या दिव्याखाली आनंदी खिडकीबाहेर बघत पडली होती. रोज रात्री जो हात आईच्या पदराचं टोक धरून झोपायचा, तो तिनं काचेवर सपाट ठेवला होता.

“भीती वाटतेय का गं?”

“नाही. आई, तू जा ना. ही माझी जागा आहे.”

कल्याणी परत येऊन बसली. सात वर्षं ओढ खाल्लेला तिचा पदर मांडीवर मोकळा पडला होता, आणि त्या मोकळ्या पदराचं काय करायचं ते तिला कळेना. बाहेर रस्त्यावरचे दिवे लागत होते.

शकूआईंनी तिच्याकडं एकदा पाहिलं. मग आपल्या मांडीवरचं लाल गाठोडं दोन्ही हातांनी उचललं.

“धर. माजे गुडघे दुखत्यात.”

गुडघे आप्पांचे दुखायचे. शकूआई अजून पहाटे उठून अंगण झाडत होत्या. कल्याणीच्या ओठांवर आलं, नको आई, तुमच्याकडंच असू दे, मी कशी... सगळं, तोच सूर, तेच शब्द, बापापासून चालत आलेले. पुढच्या बर्थमध्ये तिची लेक जागी होती आणि ऐकत होती.

तिनं पदर पसरला.

“द्या,” ती म्हणाली.